वरकुट्याच्या दगडातला अमोनिया

आबांनी विहीर खोल करायला काढली, तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वरकुट्याला गेले होते. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून आमचं शेत तेच बघतात. वरच्या अंगाला पेरू, खाली डाळिंब आणि मधल्या पट्ट्यात वांगी. मी बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गावाच्या लेखी याचा अर्थ असा, की कोणत्या औषधानं कोणती अळी मरते हे मला तोंडपाठ असायला हवं. ते मला कधीच सांगता येत नाही. त्यामुळं एवढं शिकून हिनं केलं काय, या प्रश्नावर गावात बरीच वर्षं विचार चालू होता.

विहिरीवर यारी लावली होती. सुरुंग उडाला की तासाभरानं दगडांनी भरलेली बकेट वर यायची आणि काठावर रिकामी व्हायची. तिसऱ्या दिवशी काळ्या पाषाणाबरोबर पांढरे दगड यायला लागले. हातात घेतले तर हलके, आणि आतून कापूस पिंजून भरावा तसे तंतू. यारीवाला वैतागला होता. हे दगड पायाला चालत नाहीत, रस्त्याला चालत नाहीत, हाताला मात्र टोचतात, असं त्याचं म्हणणं. मी मात्र पदर खोचून त्या ढिगाऱ्यात बसले आणि एकेक दगड निवडायला लागले. ते झिओलाइट होतं. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये सापडणारं खनिज. त्याच्या आत इतकी बारीक छिद्रं असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाहीत, पण वायूला त्यातून ये-जा करता येते. मी पीएचडीला असंच खनिज प्रयोगशाळेत करायला शिकले होते. एका चमचाभर पुडीला चार दिवस लागायचे. इथं ते बकेटनं वर येत होतं.

आबांनी दुपारी जेवताना विचारलं, की बाईमाणसानं विहिरीच्या मलब्यात बसून काय शोधलं, ते आम्हाला तरी कळावं. लोक विचारतायत. मी सांगितलं. हवेत नत्र भरपूर असतो, पण तो पिकाला तसाच घेता येत नाही. कारखान्यात नत्र आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, भट्टीच्या आचेत, लोखंडाच्या कणांवरून फिरवतात. त्याचा अमोनिया होतो आणि अमोनियाचा पुढं युरिया. रुथेनियम नावाचा एक धातू हेच काम कमी दाबात करू शकतो. पण तो दुर्मीळ आहे, आणि तापला की त्याचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून ते कण छिद्रांच्या दगडावर पातळ पसरून बसवायचे.

आबांनी भाकरीचा घास मोडला. मग म्हणाले, "म्हंजे दगडाचं पोळं, आन् त्यात धातूच्या माश्या. आसंच न्हवं?"

इतकं सोपं मला माझ्या गाईडनंही सांगितलं नव्हतं. हे वाक्य मी पुढं वर्गात कितीदा तरी वापरलं, अर्थात आबांचा उल्लेख न करता. संशोधनात असं चालतं.

दोन पोती दगड भरले. ते लगेच बारामतीला नेता आले नाहीत, कारण कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. तिच्या स्वागतासाठी प्रयोगशाळेतून प्रयोगासारखं दिसणारं सगळं हलवण्याचा आदेश निघाला होता. काचेची भांडी कपाटात गेली, भिंतींना रंग लागला, टेबलांवर कृत्रिम फुलं आली. अशा वेळी मी दोन पोती दगड घेऊन गेले असते तर मलाही कुठंतरी हलवलं असतं. काकू म्हणाल्या, राहू दे इथंच, दिवाळीनंतर ने. मी तसंच केलं.

रुथेनियमची खरेदी हे वेगळंच प्रकरण झालं. खरेदी समितीत पाच जण होते आणि त्यातला एकही रसायनशास्त्राचा नव्हता. त्यामुळं निर्णय निःपक्षपाती होतात, असं प्राचार्य म्हणत. एका सदस्यांनी विचारलं, की हा धातू बारामतीतल्याच एखाद्या दुकानातून का घेत नाही, स्थानिकांना प्राधान्य देणं आपलं धोरण आहे. दुसऱ्यांनी विचारलं, की इतक्या वर्षांत यावाचून आपलं काही अडलं का. मी खरं ते सांगितलं, की नाही अडलं. तेवढ्यावरून अर्ज दोन महिने मागं गेला. शेवटी बाटली आली ती करंगळीच्या पेराएवढी. स्टोअरकीपरांनी ती उजेडात धरून बघितली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, "बाटली, लहान, काळी पूड असलेली." मग ती क्रीडास्पर्धेच्या ढालींच्या कपाटात कुलूपबंद झाली, कारण कॉलेजात तेवढ्याच कपाटाचं कुलूप चालू होतं.

हायड्रोजनच्या सिलिंडरजवळ सूचनाफलक हवा म्हणून पेंटरला बोलावलं. त्याला "ज्वलनशील वायू" लिहायला सांगितलं होतं. त्यानं "ज्वलंत वायू" लिहिलं. राज्यशास्त्राचे प्राध्यापक येताजाता तिथं थांबून सांगायचे, की ज्वलंत प्रश्न आमच्या विभागाकडं असतात. तो फलक अजून तसाच आहे.

सगळ्यात अवघड होती ती नळी. तिच्यात दगडाची पूड भरायची, एका टोकानं वायू सोडायचा, तापवायचं, आणि दाब धरला पाहिजे. बाहेरून मागवायची तर पुन्हा समिती. तेव्हा कोणीतरी तात्यांचं नाव सुचवलं. तात्या वालचंदनगरला फिटर होते. आयुष्य कंपनीच्या चाळीत गेलं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं लेथ मशीन बसवलं होतं. मी आराखडा घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून तो उभा-आडवा बघितला आणि बाजूला ठेवला. काय करायचंय ते तोंडानं सांगा म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, किती तापणार आणि किती फुगणार. आमच्या पाच जणांच्या समितीला दोन महिन्यांत हे प्रश्न पडले नव्हते.

पंधरा दिवसांनी ते स्वतः एसटीनं नळी घेऊन आले. सांध्यांना साबणाचा फेस लावला, दाब दिला, आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक सांधा न्याहाळला. एकही बुडबुडा आला नाही. मी आभार मानले, तर म्हणाले, "आभाराचं ऱ्हाऊ द्या. ह्यातनं काय निघालं ते तेवढं मला कळवा."

दिवाळीनंतर दगड आणले, धुतले, कुटले, चाळले. त्यातल्या काही पुडीवर रुथेनियम चढवलं. नळी तापली, वायू फिरला, आणि बाहेर पडणारा वायू आम्ही सौम्य आम्लातून बुडबुडे काढत नेला. त्या आम्लात एक द्रावण टाकलं, की अमोनिया असेल तर पिवळा-तांबूस रंग येतो. पहिल्याच दिवशी रंग आला. तो चांगला चहासारखा होता. मी परीक्षानळी खिडकीपाशी नेली, परत आणली, पुन्हा नेली. 

अशा वेळी करायची पहिली गोष्ट म्हणजे कोणाला न सांगणं. दुसरी गोष्ट म्हणजे धातू न चढवलेला, नुसता दगड घालून तोच प्रयोग पुन्हा करणं. दुसरी गोष्ट मी सोमवारी करणार होते. पहिली आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी त्याच दुपारी मोडली. ते स्टाफरूममध्ये चहा प्यायला गेले आणि तिथून बातमी प्राचार्यांपर्यंत जायला एक कप चहा पुरला.

शनिवारी मी कॉलेजात आले तर फाटकावर फ्लेक्स लागलेला. त्यावर माझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला होता. इतका मोठा, की मला माझीच भीती वाटली. वर मजकूर होता, "विहिरीच्या दगडातून युरिया! भूमिकन्येची किमया!" युरिया मी केलेला नव्हता. पण फ्लेक्सवर अमोनिया लिहून चालत नाही, तो लोकांना ओळखीचा नाही, असं प्राचार्यांनी समजावलं. पुढच्या शुक्रवारी सभागृहात सत्कार आणि प्रात्यक्षिक ठरलं होतं. मोठे पाहुणे येणार होते. वरकुट्याला निमंत्रणही गेलं होतं. आबांनी फोन करून एकच विचारलं, की फेटा बांधून यायचं का साधं.

सोमवारी मी नुसता दगड घातला. रंग आला. पहिल्यापेक्षा गडद आला.

हे समजायला मला वेळ लागला. धातूशिवाय, साध्या दगडानं माझ्या उत्प्रेरकापेक्षा जास्त अमोनिया केला होता. मी नळी रिकामी केली, धुतली, पुन्हा तोच दगड घातला. मंगळवारी रंग फिका आला. बुधवारी काहीच नाही. ज्या दगडानं सोमवारी हवेतून अमोनिया केला, तो बुधवारी तसंच करायला विसरला, असं होत नाही. अमोनिया दगडात आधीच भरलेला होता आणि तापल्यावर निघून गेला. प्रश्न एवढाच होता की तो दगडात शिरला कुठून. मी काकूंना फोन लावला आणि विचारलं, पोती पावसाळाभर कुठं होती.

"गोठ्यात. दुसरीकडं कुठं ठिवू?" काकू म्हणाल्या. "गाईच्या मोरीपाशी कोपरा मोकळा हुता. का गं, भिजली का?"

भिजली होती. चांगली चार महिने भिजली होती. गोमूत्र सडलं की त्याचा अमोनिया होतो, आणि झिओलाइटला अमोनियाची इतकी ओढ असते, की शेजारून जाणारा अमोनियाही ते आत घेऊन बसवतं. हे मी दरवर्षी शिकवते. परीक्षेला पाच गुणांना विचारते. माझ्या गेल्या आठवड्याच्या शोधाचं श्रेय आबांच्या दोन जर्सी गाईंचं होतं. धुताना थोडा निघून गेला असेल, बाकीचा त्यांनी प्रामाणिकपणे मला दिला होता.

मी प्राचार्यांकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांनी तारीख दिलीय ती बदलता येत नाही. सत्याची तारीख आपल्या हातात आहे. ते आपण कार्यक्रमानंतर कधीही जाहीर करू."

मी नाही म्हटल्यावर त्यांनी वेगळी अडचण काढली. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण प्रात्यक्षिकात लोकांना वास यायला हवा. अमोनियाचा वास आल्याशिवाय अमोनिया झाला यावर कोण विश्वास ठेवील? भिगवणला माशांसाठी बर्फ करतात त्या कारखान्यात अमोनिया असतो असं त्यांच्या कानावर होतं. तिथून थोडासा आणता येईल का? मी सांगितलं, की तो सिलिंडरमधून सभागृहात सुटला तर पाहुण्यांना रुग्णालयात न्यावं लागेल. मग सहायक पुढं आले. नवसागर आणि चुना एकत्र करून टेबलाखाली बशीत ठेवला तर हवा तेवढाच वास येतो, हे शाळेतलं त्यांना आठवत होतं. प्राचार्यांना ते पटलं. "प्रतीकात्मक अमोनिया समजा," ते म्हणाले. मी म्हटलं, बशी टेबलाखाली दिसली तर मी ती टेबलावर ठेवून कृती समजावून सांगेन. बशीचा विषय तिथं संपला.

मधले दोन दिवस वाईट गेले. मला फजितीची भीती फारशी नव्हती, कॉलेजात ती सवयीची असते. भीती होती ती आबांची. गावात त्यांनी सांगितलं असणार, फेट्याला इस्त्री केली असणार. आपल्या पोरीनं विहिरीच्या मलब्यात बसून काय शोधलं याचं उत्तर त्यांना एवढ्या महिन्यांनी मिळालं होतं. तेच उत्तर मी माईकवरून परत घेणार होते. आधी फोन करून सांगावं म्हणून दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा डाळिंबाबद्दल बोलून ठेवून दिला.

शुक्रवारी सभागृह भरलं. वरकुट्याहून दोन जीप आल्या होत्या. आबा दुसऱ्या रांगेत, गुलाबी फेट्यात, ताठ बसलेले. मागं एका बाजूला तात्या. शाल झाली, नारळ झाला, प्राचार्यांनी प्रास्ताविकात भूमिकन्या हा शब्द इतक्यांदा वापरला की मला मातीचा वास येऊ लागला. मग माईक माझ्याकडं आला.

मी लांबड लावली नाही. दगड कसा सापडला ते सांगितलं, पहिल्या दिवशी रंग आला ते सांगितलं, नुसत्या दगडानंही आला ते सांगितलं. म्हणजे आम्ही अजून अमोनिया केलेला नाही, तो गोठ्यातून आला होता, असं सांगितलं. काम चालू आहे, जमलं तर कळवीन, नाही जमलं तरी कळवीन. मग खाली बसले.

 मग कोणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी, टाळीची वेळ आहे असं समजून, कडकडाट केला. मोठे पाहुणे माझ्या बोलण्याच्या वेळी फोनवर होते. त्यांचं भाषण आधीच लिहून आलेलं होतं. त्यांनी मला विहिरीच्या दगडातून युरिया केल्याबद्दल शाबासकी दिली, तालुक्यातल्या प्रत्येक विहिरीवर असा प्रकल्प उभा राहील असं आश्वासन दिलं, आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. सभागृहात पाचशे माणसांनी माझं ऐकलं होतं. त्यातल्या एकालाही दोन्ही भाषणं परस्परविरोधी आहेत असं वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात बातमी आली, "गोमूत्रापासून युरिया, बारामतीच्या प्राध्यापिकेचा शोध." वार्ताहर ऐकत होता, हे त्यातून कळलं. आठवडाभर मला फोन येत राहिले. एका गृहस्थांनी विचारलं, की देशी गाईचं चालेल का. मी दैनिकाला खुलासा पाठवला. संपादक सौजन्यानं म्हणाले, की खुलासा छापायला हरकत नाही, पण तो मूळ बातमीपेक्षा कमी रोचक आहे.

त्या शुक्रवारी कार्यक्रम संपल्यावर मी आबांना शोधत बाहेर आले होते. ते कडुनिंबाखाली उभे होते. फेटा काढून त्याची घडी घालत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, की जे सांगितलंस ते सगळं खरं का. मी म्हटलं, खरं. आधी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.

त्यांनी घडी बगलेत धरली. "फेटा काय, लग्नालाबी हुईल," ते म्हणाले. "तू मला येवढं सांग. त्यो दगड गोठ्याचा वास वडून घेतो, हे तरी पक्कं हाय का न्हाय?"

मी म्हटलं, ते पक्कं आहे. त्याला पुस्तकांचा आधार आहे.

"मंग झालं," म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पुढच्या महिन्यात मी गेले, तेव्हा विहिरीच्या काठचा पांढरा ढीग अर्धा झाला होता. आबांनी दगड फोडून गाईंच्या मोरीपाशी अंथरले होते. माश्या कमी झाल्या होत्या आणि काकू गोठ्यात नाकाला पदर न लावता धारा काढत होत्या. भिजलेला दगड महिन्यानं काढून ते पेरूच्या बुडात टाकत होते, त्यातलं नत्र झाडाला सावकाश मिळतं म्हणून. शेजारपाजारचे लोक पोती घेऊन यायला लागले होते. यारीवाल्यानं पुढच्या विहिरीवर पांढरा दगड वेगळा काढायला सुरुवात केली होती. यातलं काहीही माझ्या कोणत्याही शोधनिबंधात नाही. पण माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न गावात त्यानंतर कोणी काढलेला मी ऐकला नाही.

माझं मूळ काम मात्र पहिल्यापासून सुरू करावं लागलं. नवा दगड विहिरीतून सरळ काचेच्या बरणीत घेतला. आधी तापवून आतलं सगळं काढून टाकलं. नुसत्या दगडाचा प्रयोग सात वेळा केला आणि सातही वेळा आम्ल पाण्यासारखं स्वच्छ राहिलं. मग रुथेनियम चढवलं. पहिले तीन प्रयत्न वाया गेले. चौथ्या वेळी, कॉलेजला सुट्टी असलेल्या एका दुपारी, आम्लात हलकासा पिवळा रंग आला. चहाचा नव्हे, लिंबाच्या पाण्याचा. दुसऱ्या दिवशी तसाच आला, तिसऱ्या दिवशीही. नवव्या दिवशी मी तात्यांना फोन केला. कळवायचं कबूल केलं होतं. प्राचार्यांना सांगितलं नाही.

तात्या एसटीनं आले. आम्लाची बाटली हातात घेऊन त्यांनी पिवळ्या रंगाकडं बराच वेळ बघितलं. गोठ्याचा तर नाही ना, एवढं विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, की या वेगानं एका एकराला पुरेल इतकं खत व्हायला किती दिवस लागतील. मी फळ्यावर हिशेब मांडला. आकडा इतका लांब झाला, की तो पुसून मी तोंडीच सांगितलं, की तात्या, आपल्या दोघांचे सात जन्म गेले तरी व्हायचं नाही. त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं.

त्यांनी पिशवीतून टेप काढली, नळीभोवती धरली, आणि कानावरची पेन्सिल घेऊन माझ्या वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं.

"नळी बारीक पडती, मॅडम," ते म्हणाले. "चार सूत वाढवून बघू."